हिरकणी, बुरूज आणि बंद दरवाजा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोजागिरीच्या आदल्या रविवारी आमच्या भागात महिलांचा मेळावा झाला. रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी जवळच, त्यामुळे सत्काराला नाव काय द्यायचे याचा विचारही कुणाला करावा लागला नाही. ‘आधुनिक हिरकणी’ म्हणून पाच बायांचा सत्कार ठरला आणि त्यांत माझी थोरली बहीण होती. तिच्या धाकट्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला स्वतःहून बसता येत नाही, बोलता येत नाही, घास गिळायलाही वेळ लागतो. मानपत्र लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण जुनी कागदपत्रे चाळणारा आणि चार ओळी लिहिणारा अशी माझी पंचक्रोशीत ओळख आहे. मी मनापासून लिहिले. कडा, काळोख, काटे, आईचे काळीज, सगळे त्यात आले. व्यासपीठावर ते वाचताना माझाच आवाज दाटला.

रात्री तिच्या घरी गेलो. शाल खुंटीवर होती, मानपत्र कपाटावर. अक्का भाच्याला भरवत होती. म्हणाली, “छान लिहिलंस. पण हिरकणी एकदाच उतरली ना रे? आणि तिचं पोर पुढं मोठं झालं असेल, चालायला लागलं असेल.” थोड्या वेळाने, घास भरवता भरवताच, ती पुढे बोलली. “आज मी तिकडं आले तेव्हा याच्याजवळ कोण होतं, ते नाही विचारलंस.”

शेजारीण होती. कापणी टाकून बसली होती. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता.

हा लेख अक्काच्या त्या दोन वाक्यांमुळे लिहिला आहे. अपंग मुलाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे आपण मराठी माणसे कोणत्या गोष्टींच्या चष्म्यातून पाहतो आणि त्या चष्म्यातून काय दिसत नाही, एवढाच त्याचा विषय आहे.

गोष्ट पुन्हा वाचताना

हिरकणीची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणे अवघड. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताला बंद झालेला दरवाजा, हुकमाला बांधलेले पहारेकरी, घरी तान्हे बाळ आणि अंधारात उतरलेला कडा. सकाळी महाराजांना ते कळते. ते तिचा गौरव करतात आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधतात. रायगडाच्या पश्चिम अंगाचा तो हिरकणी बुरूज आजही लोक बोटाने दाखवतात. मी या गोष्टीकडे लोककथा म्हणूनच पाहतो. लोककथेत काय घडले यापेक्षा सांगणाऱ्यांनी काय ठेवले आणि काय गाळले, हे अभ्यासायचे असते.

मी ऐकलेल्या सांगण्यांत तीन जागा मला कायम रिकाम्या वाटल्या. पहिली जागा घराची. बाळ घरी आहे, पण बाळाजवळ कोण आहे? कुणी नवऱ्याला मोहिमेवर पाठवतो, कुणी सासूला म्हातारी करतो, बरेच जण काहीच सांगत नाहीत. आईखेरीज बाळाला दुसरे कुणी असले तर कड्यावरून उतरण्याची निकड कमी होते. म्हणून गोष्टीला आई एकटीच लागते.

दुसरी जागा दरवाजाची. दरवाजा बंद करण्याची शिस्त राज्याच्या रक्षणासाठी होती आणि पहारेकरी आपले काम करत होते. गोष्ट कुणालाही खलपुरुष करत नाही, हा तिचा मोठेपणा. पण त्यामुळेच एक साधा प्रश्न तिच्यात येत नाही. रोज दूध घेऊन चढणाऱ्या बायकांना पुन्हा कधी उशीर झाला, तर त्यांनी काय करायचे?

तिसरी जागा बुरुजाची. बुरूज एकाच वेळी दोन कामे करतो. तो आईचे स्मारक आहे आणि कड्याचा बंदोबस्तही आहे, कारण जिथून आई उतरते तिथून शत्रू चढू शकतो. लष्करी दृष्टीने हे अगदी योग्य झाले. मात्र पुढच्या खेपेला अडकलेल्या गवळणीला तो कडाही उरला नाही. गोष्ट इथे संपते आणि आपण टाळ्या वाजवतो.

हा ठपका महाराजांवर नाही. गडाला बुरूज हवाच होता. ठपका आहे तो साडेतीनशे वर्षांनंतरही त्याच जागी गोष्ट थांबवणाऱ्या आपल्यावर. प्रसाद ओक यांच्या २०१९ च्या ‘हिरकणी’ चित्रपटातही सगळा जीव त्या उतरण्यात आहे. पडद्याला ते लागतेच, त्यात वावगे काही नाही. पण हाच साचा आपण रोजच्या आयुष्याला लावतो तेव्हा घोळ होतो. मातृदिनाला वर्तमानपत्रात फोटो येतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन शाळेत निघालेल्या आईचा. खाली ‘जिद्दीला सलाम’. शाळेपर्यंत गाडी का नाही, हे त्या मजकुरात नसते.

‘दिव्यांग’ या शब्दाचेही थोडे असेच झाले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी तो सुचवला आणि लवकरच सरकारी कागदांवर ‘अपंग’च्या जागी आला. ‘अपंग’ पुष्कळांना बोचत होता हे खरे. पण ज्या घरात चोवीस तास एकाच बाईच्या हातावर सगळे चालते, तिथे मुलाला दिव्य आणि आईला हिरकणी म्हणून बाहेरच्यांची सुटका फार स्वस्तात होते.

रंगमंच आणि पडदा

मराठी नाटक-सिनेमाने हा विषय टाळला, असे मात्र म्हणता येणार नाही. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ मला यातले सर्वांत धीट वाटते. काटदरे दांपत्य आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू. दिलीप प्रभावळकर आणि स्वाती चिटणीस यांचे आई-बाप आणि अतुल परचुरेंचा बच्चू ज्यांनी पाहिला, ते विसरलेले नाहीत. दळवींनी आई-बापांना संत केले नाही. ते थकतात, चिडतात, एकमेकांना टोचतात. मुलावर जीव असतो आणि त्याचा कंटाळाही येतो, हे सांगायला मराठी रंगभूमीवर धैर्य लागत होते. पण नाटकाचे लक्ष नात्यांवर आहे. घराचा दरवाजा बाहेरून कुणी ठोठावला तर काय बदलेल, हा त्याचा प्रश्न नाही. बाहेरचे जग मनस्ताप देते किंवा दया करते आणि घर चार भिंतींत आपले आपण फिरत राहते.

‘चौकट राजा’ १९९१ चा. दिग्दर्शक संजय सूरकर. इथे प्रभावळकर बापाच्या जागेवरून मुलाच्या जागेवर आले. बालपणीच्या अपघातानंतर वाढ खुंटलेला नंदू त्यांनी केला आणि त्याची आई सुलभा देशपांडे यांनी. चित्रपटाचा गाभा नंदूची निरागसता आणि त्याच्या बालमैत्रिणीच्या मनातली अस्वस्थता हा आहे. प्रेक्षक नंदूसाठी रडतो. ज्या बाईने इतकी वर्षे त्याला न्हाऊ-माखू घातले, ती कडेला उभी राहते. निरागसतेमुळे अशा माणसावर प्रेम करणे आपल्याला सोपे जाते, हे या चित्रपटाचे देणे. पण जो मुलगा गोड नाही, जो चावतो, ओरडतो, रात्रभर जागवतो, त्याच्या घरच्यांचे काय, हे विचारायला आपल्याला दुसरी गोष्ट लागेल.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आमच्या भागाला जास्त जवळचा. कोकणातल्या खेड्यातून आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतात. डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशा यांनी सुवर्णकमळ मिळवलेल्या या चित्रपटाला घराघरांत नेले. ‘श्वास’चे वेगळेपण असे, की त्यात यंत्रणा दिसते. डॉक्टर आहेत, सही घेण्याचा पेच आहे आणि अमृता सुभाष यांनी केलेली इस्पितळातली समाजसेविकाही आहे. कुटुंबाला कुणीतरी समजावून सांगणारे लागते, हे या चित्रपटाने ओळखले. पण ती समाजसेविका शहरात आहे. चित्रपट गावी परतण्यावर संपतो आणि कलाकृती म्हणून तो तिथेच संपायला हवा. अक्कासारख्यांचे दिवस मात्र तिथूनच सुरू होतात.

तिन्ही कृती प्रामाणिक आहेत. तिघींतही निर्णायक क्षण आहे. सांभाळण्याला मात्र असा क्षण नसतो. त्याला वेळापत्रक असते.

घरातला दिवस

ते वेळापत्रक थोडे सविस्तर सांगतो, कारण मानपत्रात मी ते लिहिले नव्हते. सकाळी फिटची गोळी ठरल्या वेळी. गोळी चुकली तर फिट येऊ शकते. मग अंग पुसणे, कपडे, दुपटी. हातापायांचे सांधे आखडू नयेत म्हणून रोज ताण देऊन व्यायाम. एकाच कुशीवर फार वेळ राहिले तर कातडी सोलवटते, म्हणून दर थोड्या वेळाने कूस बदलणे. भरवताना पाठ आणि मान उभी धरावी लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. मुलगा पाच वर्षांचा असताना हे सगळे कडेवर निभते. आता तो सतरा वर्षांचा आहे आणि आई पंचावन्नच्या पुढची. मुलाचे वजन वाढते आणि आईची कंबर जाते, हे गणित कुठल्याही सत्कारात मांडले जात नाही.

आमच्या भागात बाप्ये मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. लावणीच्या दिवसांत बाईच्या हातांना किंमत येते, पण अक्का गेली सतरा वर्षे लावणीला गेलेली नाही. हा तोटा कुठल्याच वहीत लिहिलेला नाही. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग महाडपासून शंभर किलोमीटरहून दूर. कागदासाठी तिथे जायचे तर खासगी गाडी, कारण मान न धरणारे मूल मांडीवर घेऊन एसटी बदलत जाणे जमत नाही. घरी शिकवायला विशेष शिक्षक येतात. माणूस मनापासून काम करणारा, पण त्यांच्या वाट्याला इतक्या वाड्या असतात की पुढची खेप कधी, हे त्यांनाही सांगता येत नाही.

आणि पावसाळा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर डोंगराखालच्या वाड्यांना ‘रात्री घर सोडा’ असा निरोप येणे नवीन राहिले नाही. त्या जुलैत अक्का तेरा वर्षांच्या पोराला पाठीवर बांधून चिखलातून शाळेच्या इमारतीपर्यंत गेली. मी मानपत्रात ही घटना हिरकणीच्या कड्याशेजारी ठेवली होती. आज वाटते, त्या रात्रीसाठी गावाच्या आपत्तीच्या यादीत ‘या घरी न चालणारे मूल आहे, दोन माणसे आणि झोळी पाठवा’ अशी एक ओळ असायला हवी होती.

कायद्याची भाषा

कायदाही एक संहिता आहे. तीही बारकाईने वाचावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, २०१७ पासून लागू. त्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांतच काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि त्यात आई-वडील व कुटुंबीय येतात, पैसे घेऊन किंवा न घेता सांभाळणारे दोन्ही. म्हणजे अक्का कायद्यात आहे. कलम ९ सांगते, की केवळ अपंगत्वाच्या कारणाने मुलाला आई-वडिलांपासून तोडता येणार नाही. मुलाचे घर हीच त्याची जागा, हे तत्त्व योग्यच आहे.

पण घराला आधार काय, हे शोधत गेले तर कलम २४ लागते. तिथे पेन्शन, विमा, साधने यांच्या यादीत काळजीवाहक भत्ताही आहे. तो जास्त साहाय्याची गरज असणाऱ्या अपंग व्यक्तीला द्यायचा आहे आणि कलमाच्या तोंडीच ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट आहे. म्हणजे मूल घरीच राहावे, हे कायदा ठामपणे सांगतो आणि घराला मदत व्हावी, हे जमेल तसे. शिक्षणहक्क कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आला. हक्क म्हणून तो मोलाचा. पण शाळेत मूल गेले तर आईला पाच तास मिळतात आणि घरी शिकले तर एकही नाही, ही बाजू कुणी हिशेबात धरली नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व यांच्यासाठी योजना आहेत. ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा, ‘सहयोगी’ हे सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि ‘समर्थ’ ही मुलाला तात्पुरते ठेवून घेणारी, म्हणजे घरच्यांना विसावा देणारी योजना. अशा विसाव्याची गरज सरकारने मान्य केली आहे, हे महत्त्वाचे. पण अशी केंद्रे नोंदणीकृत संस्थांनी चालवायची असतात आणि जिथे संस्था नाही तिथे योजना कागदावर राहते. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये महिना दीड हजारावरून अडीच हजार झाले. दोन्ही गोष्टींचे स्वागतच आहे. मात्र हा पैसा अपंग व्यक्तीच्या गरजांसाठी आहे. सांभाळणारीच्या बुडालेल्या रोजाचा त्यात हिशेब नाही.

‘ती घरीच तर असते’ हा समज फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये १९७६ साली घरी आजारी-अपंगांना सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. त्यातून लग्न झालेल्या बायकांना वगळले होते, कारण त्या तशाही घरीच असणार! आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकलीन ड्रेक यांनी दाद मागितली, खटला युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये ही अट गेली. तेवढे लांबही जायला नको. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना व तीव्र अपंगांना सांभाळणाऱ्याच्या नावाने महिना सहाशे रुपये ठरलेले आहेत. रक्कम लहान आहे. पण कागदावर सांभाळणाऱ्याचे नाव आहे.

नावापासून खोलीपर्यंत

हिरकणीच्या नावाचा आपण एकदा फार चांगला उपयोग केला आहे. एसटीची निमआराम गाडी सोडा. मी म्हणतो तो बसस्थानकांतला आणि कचेऱ्यांतला ‘हिरकणी कक्ष’, तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी आडोशाची खोली. तिथे आईच्या धैर्याचे वर्णन नाही. बाक आहे, पडदा आहे, दाराला आतून कडी आहे. हिरकणीची गोष्ट तिथे बुरुजावर न थांबता पुढे गेली.

तसेच आणखी एक पाऊल टाकता येईल. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा राज्यात नियम आहे. लहान पंचायतीचे पाच टक्के म्हणजे मूठभर रक्कम. एकेकीने ती वस्तूवाटपात संपवण्यापेक्षा पाच-सहा पंचायतींनी एकत्र केली आणि विभागाने भर घातली, तर आठवड्यातून दोन दिवस मानधन देऊन एका बाईला या कामाला लावता येईल. आमच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. मुलांना एका खोलीत आणणे जमणार नाही, तेव्हा त्या बाईनेच घरोघर जावे. भरवणे, कूस बदलणे, फिट आली तर काय करायचे, एवढे तिला नीट शिकवावे.

यावर आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे. परक्या माणसाच्या हवाली मूल कोण करील? विशेषतः मुलगी असेल तर? भीती रास्त आहे. म्हणून सुरुवात परक्या माणसापासून करूच नये. प्रत्येक घराला एखादी शेजारीण असतेच, जी आजही कापणी टाकून येऊन बसते. तिलाच शिकवावे आणि तिचा रोज भरून द्यावा. दुसरा आक्षेप असा, की पैसे आले की शेजारधर्म संपतो. मला उलटे दिसते. गरिबाचा शेजारधर्म रोज बुडण्याच्या भीतीनेच आटतो.

पुढच्या वर्षी भाचा अठरा पूर्ण करील. मग कागदोपत्री त्याचे पालकत्व राहावे म्हणून त्याच्या आईलाच जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागेल. त्या कागदांसाठी गेल्या महिन्यात मी अक्काकडे गेलो होतो. मानपत्र परत दे, नवे लिहून देतो म्हटले. ती हसली. “राहू दे तिथंच. त्यापेक्षा मंगळवारी दोन तास येऊन बस. मला महाडला जाऊन चष्म्याचा नंबर काढून घ्यायचा आहे. दीड वर्ष झालं, राहूनच जातंय.”

मंगळवारी मी बसलो. पंधरा-सोळा वर्षे मामा म्हणून त्या घरात जातो आहे, पण त्याच्याजवळ एकटा कधी बसलो नव्हतो. वाटीभर मऊ भात भरवायला मला पाऊण तास लागला आणि कूस बदलताना दोनदा शेजारणीला हाक मारावी लागली. अक्का परतायला तीन तास झाले. उशीर झाला म्हणून ती वाटेत दोनदा फोन करून विचारत होती, “निघू का? सगळं ठीक आहे ना?”